खोलीचा सूर पांढरी सहा

स्टुडिओ टाकायचा म्हटलं की आमच्याकडची पोरं सगळ्यात आधी अंड्यांचे ट्रे गोळा करतात. अंडेवाला ते पुठ्ठ्याचे ट्रे फुकट देतो, भिंतीवर चिकटवल्यावर खोली सिनेमातल्यासारखी दिसते आणि स्टेटसला फोटो टाकता येतो. आवाज मात्र होता तसाच राहतो. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न आत येतो आणि आतला बेस शेजारच्या काकूंच्या भांड्यांच्या मांडणीपर्यंत जातो. वर ते ट्रे पेटायला एक ठिणगी पुरते.

मी नांदेडला एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड शिकवते. माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. दिवसा पोरांना रेझिस्टरचे रंग आणि सोल्डरिंग शिकवायचं आणि रात्री स्वयंपाकघर आवरलं की मागच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी करायची, असं माझं बरीच वर्षं चाललंय. त्यामुळं दरवर्षी नव्या बॅचमधला कुणीतरी तास संपल्यावर रेंगाळतो आणि विचारतो, "मॅडम, स्टुडिओ टाकायलोय. किती लागतेत?" पैसे सोयाबीनचे असतात, नाहीतर थोरल्या भावाकडून उसने घेतलेले. हा लेख त्या पोरासाठी आहे, आणि पैसे देताना कपाळाला आठ्या घालणाऱ्या त्याच्या बापासाठीही.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना वाटतं, इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर रात्रभर नाचायचं काहीतरी. आमच्याकडं त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती, १९ ला शिवजयंती, होळीला तांड्यातांड्यांवर लेंगीची गाणी, १४ एप्रिलला भीमजयंती, मग लग्नसराई, पुढं गणपती आणि नवरात्रात आराध्यांची गाणी. प्रत्येक वेळी कुणीतरी गायक गाणं म्हणतो आणि किनवट, मुखेड, अहमदपूर, उदगीर अशा ठिकाणी एखाद्या खोलीत एखादा पोरगा त्याच्याखाली किक, बेस आणि सिंथ भरतो. ते गाणं डीजेच्या गाडीवर वाजतं, सगळा चौक त्यावर नाचतो. ज्याला हे जमतं त्याला गावात डीजेवाला म्हणतात, संगीतकार कुणी म्हणत नाही. माझ्या लेखी तो संगीतकारच आहे. त्याच्यापुढचे प्रश्न बर्लिनमधल्या पोराच्या प्रश्नांहून फार वेगळे नाहीत. फक्त बर्लिनला मे महिन्यात ४३ अंश होत नाही आणि ऐन कामात लाइट जात नाही.

आपल्याकडं या कामातला पूर्वज शोधायचा तर तो मुंबईत सापडतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, बेस आणि पुढं सिंथेसायझर वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांची एचएमव्हीकडून एक तबकडी निघाली. दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका. मुख्य साधनं तीन, तिन्ही रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही बेसची लहानशी पेटी. ही पेटी एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवली होती. तिचा आवाज खऱ्या बेसगिटारसारखा येईना, म्हणून ती खपली नाही आणि १९८४ मध्ये बंद पडली. पुढं १९८७ साली शिकागोच्या 'फ्यूचर' नावाच्या चमूनं हीच पेटी, बटणं वाजता वाजता फिरवून, एका गाण्यात वापरली आणि अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार तिथं जन्मला असं जगभर लिहिलं गेलं. चरणजित सिंगांनी पाच वर्षं आधी त्याच पेटीवर भैरवी, यमन आणि मालकंस वाजवून ठेवले होते. त्या पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. मींड मिळाल्यावर राग वाजवणाऱ्याला आणखी काय हवं! तबकडी तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली एका डच संग्राहकानं ती पुन्हा काढली, तेव्हा सत्तरीच्या या गृहस्थांना युरोपातून मैफलींची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

मी पोरांना त्यांची गोष्ट सांगते ती त्या तीन यंत्रांसाठी. त्यांतल्या एकालाही माइक लागत नाही. वायर यंत्रातून निघते आणि थेट रेकॉर्डिंगला जाते. आज ती तिन्ही यंत्रं लॅपटॉपच्या आत बसतात, तेव्हा तर हवेचा संबंधच येत नाही. बाहेर मिरवणूक चालू असली तरी सिंथचा ट्रॅक स्वच्छच येणार. मग खोली साउंडप्रूफ करायला चाळीस-पन्नास हजार घालायचे कशाला? साउंडप्रूफ म्हणजे आवाज अडवणं. त्याला जड भिंत, दुहेरी दार, हवाबंद खिडकी लागते, आणि आपल्या उन्हाळ्यात हवाबंद खोलीत माणूस तासभर टिकत नाही. या कामाला गरज असते ती दुसऱ्याच गोष्टीची: केलेलं गाणं खरं कसं वाजतंय ते ऐकू येणं. रेकॉर्डिंगला खोली लागत नाही, ऐकायला लागते. खोली खोटं बोलत असेल तर लाखाचा स्पीकरही तेच खोटं मोठ्यानं सांगतो.

आता खोली मोजा. आपल्याकडं मिस्त्री खोल्या काढतो दहा बाय दहाच्या नाहीतर दहा बाय बाराच्या, आणि स्लॅब बऱ्याचदा दहा फुटांवर. वीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर असेल, तर ज्या सुराची अर्धी लाट त्या अंतरात नेमकी बसते तो सूर त्या खोलीत घुमतो. ३४३ ला ६.१ नं भागा. उत्तर येतं ५६ हर्ट्झ. पेटीवाल्यांच्या भाषेत अगदी खालच्या सप्तकातली पांढरी सहा ५५ ला असते आणि काळी पाच ५८ च्या जरा वर. थंडीत पहाटे खोलीत दहा अंश असतात तेव्हा घुमणारा आकडा ५५ च्या आसपास येतो. मेमध्ये खोली चाळीसवर गेली की ध्वनीचा वेग ३५५ मीटर होतो आणि आकडा ५८ च्या पुढं सरकतो. म्हणजे मराठवाड्यातली दहा फुटी खोली हिवाळ्यात पांढरी सहामध्ये असते आणि उन्हाळ्यात काळी पाचवर चढते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असतील तर तिन्ही दिशांनी एकच सूर घुमतो. त्याहून वाईट खोली बांधणं अवघड आहे.

हा नुसता गणिताचा खेळ नाही. डीजेच्या गाण्यातली किक पन्नास ते साठ हर्ट्झच्या दरम्यानच बसलेली असते. खोलीचा सूर आणि किकचा सूर एकमेकांच्या उरावर. हा घुमणारा सूर भिंतीजवळ बक्कळ ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. पोरगा टेबल मांडतो खोलीच्या मध्यावर, कारण चहूबाजूंनी वायरी काढायला बरं पडतं. त्याला किक ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो. पुन्हा येत नाही, पुन्हा वाढवतो. मग ते गाणं अठरा इंची स्पीकरांच्या गाडीवर चढतं आणि पहिल्याच ठोक्याला गायकाचे शब्द बुडतात. गायक म्हणतो मिक्सिंग बेकार, पोरगा म्हणतो स्पीकर बेकार. दोघांचंही चुकतं.

यावर पहिला उपाय बिनपैशाचा. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये साधा साइन सूर लावा, ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा आणि खोलीत फिरा. कुठं फुगतो, कुठं मरतो, ते खडूनं फरशीवर लिहा. खोली लांबट असेल तर आखूड भिंतीकडं तोंड करून बसा. बारा फूट लांबीत समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर डोकं आलं तर बरं. मध्य टाळा, मागची भिंतही टाळा.

दुसऱ्या उपायाला जाडी लागते. बाजारात त्रिकोणी खाचांचा काळा स्पंज मिळतो, इंचभर जाडीचा. त्यानं टाळीचा खणखणाट जातो, बेस हलत नाही. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते. एक इंचाचा स्पंज तिच्या गावीही नसतो. उलट वरचा आवाज तेवढा शोषला गेल्यामुळं खोली आणखी ढब्ब वाटते. जाड वस्तू हवी, हवा आत शिरेल अशी, आणि ती नांदेडला स्वस्त आहे. हा कापसाचा जिल्हा. शहरात एकेकाळी उस्मानशाही मिल चालायची, आणि इथल्या कापूस संशोधन केंद्राचं नांदेड-४४ हे वाण एका पिढीच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ होतं. नवा कापूस लागतही नाही. जुन्या गाद्या उसवून गादीवाल्याकडून पिंजून आणा. चार फूट बाय दोन फूट, सहा इंच खोल लाकडी चौकटीत चार-पाच किलो कापूस बसतो. फार दाबून भरू नका. पुढून सुती कापड ताणून लावा. लातूरला गंजगोलाईत कापड घेताना मी ते तोंडाशी धरून फुंकून बघते. हवा पलीकडं गेली तर आवाजही जातो. दुकानदाराला गंमत वाटते. रेक्झिन मात्र घेऊ नका, चकचकीत दिसतं आणि सगळा आवाज परत पाठवतं.

आधी कोपरे भरा, फरशीपासून स्लॅबपर्यंत, कारण बेस कोपऱ्यात साठतो. मग खुर्चीत बसून मैत्रिणीला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला ती चौकट लावायची जागा. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडलं तर काम अधिक चांगलं होतं. शहाबादी फरशीवर सतरंजी किंवा गोधडी हवीच. कापूस पेटतो हे विसरू नका. बोर्ड, ॲडॅप्टर, उदबत्ती यांपासून चौकटी लांब ठेवा. उंदरांसाठी डांबर गोळ्या घाला. ज्यांना कापसाची भीती वाटते त्यांनी शेडवाल्यांकडं पत्र्याखाली घालायचं रॉकवूल मिळतं ते घ्यावं, पण हातमोजे आणि मास्क लावून, आणि कापडात नीट शिवून.

इथं थोडं विषयांतर. माझ्या आजीचं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर लाकडाच्या किलचनावर मातीचा थर. त्या घरात टाळी वाजवली तर ती तिथंच विरायची. भिंती ओबडधोबड, कोनाडे, खुंट्या, धान्याच्या कणग्या. आवाजाला सपाट जागाच सापडायची नाही. असा आवाज मी पैसे घालून बांधलेल्या स्टुडिओतही क्वचित ऐकलाय. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या तालुक्यातली, शेजारच्या उमरग्याकडची माणसं गेली ती याच भिंतींखाली. तेव्हापासून आमच्याकडं माळवदाला माणूस भितो, आणि भ्यायलाच पाहिजे. सपाट सिमेंटची भिंत आणि वर हलका पत्रा किंवा स्लॅब, ही जीव राखणारी घरं आहेत. ती आवाजाला वाईट आहेत, एवढंच. जीव आधी, कापूस नंतर.

आता लाइट. हा माझा प्रांत, म्हणून जरा सविस्तर.

नव्या स्टुडिओतल्या तक्रारींत पहिली असते 'घूं' आवाजाची. आपली वीज ५० हर्ट्झची. हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर बसतो आणि त्याच्या दुपटी-तिपटीतले सूरही सोबत आणतो. पोरगा साउंड कार्ड बदलतो, केबल बदलतो, शेवटी दुकानदाराशी भांडतो. शंभरातल्या बहुतेक घरांत मूळ दुखणं एकच: तीन पिनांचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या पिनेला वायरच नाही, किंवा आहे तर ती कुठंच जात नाही. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. शंभरच्या घरात काहीतरी दाखवलं तर अर्थिंग नावालाच आहे. खड्डा, प्लेट, कोळसा, मीठ हे सगळं नव्यानं करायला साउंड कार्डपेक्षा कमी खर्च येतो, आणि घरातल्या फ्रिज-वॉशिंग मशीनच्या शॉकपासून माणसंही वाचतात. आपल्या काळ्या मातीचा एक स्वभाव आहे: उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. २०१६ साली लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं. त्या उन्हाळ्यात हा सल्ला द्यायची माझी हिंमत झाली नाही.

अर्थिंगनंतर लॅपटॉप, स्पीकर, साउंड कार्ड सगळं एकाच बोर्डावरून घ्या. वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांतून घेतलं की अर्थच्या दोन वाटा होतात आणि त्यांच्यातून घूं फिरत राहतं. साउंड कार्डापासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरा, ज्या पिनेवर दोन काळी कडी असतात ती. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर करकर देतो. काम करताना पंखा पूर्ण वेगावर ठेवा नाहीतर बंद करा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर भुणभुणतात. कूलर चालू असताना माइकचं काम करायचं नाही, आणि कूलरशिवाय दुपारी कुठलंच काम होत नाही. म्हणून आमच्याकडचे सगळे शहाणे लोक एप्रिल-मेमध्ये रात्री दहानंतर नाहीतर पहाटे कामाला बसतात. लॅपटॉपही चाळीस अंशांत स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग गाणं मध्येच तुटतं.

खरेदीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर पोरांचं ज्ञान माझ्याहून जास्त असतं. वापरलेला, कंपन्यांतून निघालेला लॅपटॉप, आठ जीबी रॅम आणि एसएसडीवाला, वीस-पंचवीस हजारांपर्यंत मिळतो. रॅम वाढवता येते का ते आधी बघा. दोन इनपुटचं साधं साउंड कार्ड पाच हजारांच्या आसपास, नाव झालेल्या कंपनीचं घेतलं तर दहा-बारा. बंद कानांचे स्टुडिओ हेडफोन पाच-सहा हजार. किमती वरखाली होतात, एक हजार इकडंतिकडं धरून चाला. पहिलं वर्ष स्पीकर घेऊ नका. हेडफोनमध्ये खोलीच नसते, म्हणून खोलीचं खोटंही नसतं. बेसचा धक्का छातीवर जाणवत नाही हे खरं, पण त्यासाठी आधी केलेली चांगली गाणी मध्ये मध्ये ऐकून ताळा घ्यावा. आवाज लहान ठेवावा. कान एकदा गेले की ते कोठीच्या बाजारातही मिळत नाहीत, आणि नांदेडकरांची हैदराबादच्या कोठीवर फार श्रद्धा.

कीबोर्ड नवा घेण्याआधी गावातल्या ऑर्केस्ट्रावाल्याला विचारा. बहुतेकांच्या घरी एक जुना ऑक्टोपॅड धूळ खात असतो. त्याच्या मागं मिडीचं पाच पिनांचं भोक असतं. मिडी हा यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा करार १९८३ साली झाला आणि अजून तसाच चालतो, म्हणून वीस-पंचवीस वर्षांचा ऑक्टोपॅड आजच्या लॅपटॉपला हजार रुपयांच्या केबलनं जोडता येतो. काठीनं वाजवलेल्या ठेक्यात जी लचक येते ती माउसनं चौकोन भरून येत नाही. जोडल्यावर काठी मारली आणि आवाज मागून आला, तर घाबरू नका. सॉफ्टवेअरमध्ये बफर १०२४ वर असेल तर ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला नुसत्या बफरचा २१ मिलिसेकंद उशीर होतो. १२८ वर आणला की तो तीनच्या आत येतो. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर टाकल्याशिवाय मात्र हे नीट जमत नाही.

सॉफ्टवेअर मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आणायची पद्धत आहे. त्या पेनड्राइव्हनं आमच्या लॅबमधले संगणक किती वेळा बसलेत ते लॅब असिस्टंटला विचारा. रीपर नावाचं सॉफ्टवेअर ६० डॉलरला मिळतं आणि विकत घेण्याआधी ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. व्हायटल आणि सर्ज हे सिंथेसायझर फुकट आहेत, आणि चरणजित सिंगांच्या खोलीभर यंत्रांत जे नव्हतं तेही त्यांत आहे.

बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की समोर चार मात्रांची चौकट येते. लग्नाच्या गाण्याला ती चालते. आराध्यांच्या गाण्याची झुलती चाल सहाच्या हिशोबातली असते, ती चारमध्ये कोंबली की देवीचं गाणं जिमच्या गाण्यासारखं वाटायला लागतं. वरच्या कोपऱ्यात चार-चार लिहिलेलं असतं तिथं सहा-आठ करा. एवढं एक बटण न दाबल्यामुळं नवरात्रात दरवर्षी कितीतरी गाण्यांची हाडं मोडतात.

आणि आता माइक. एवढा वेळ मी माइकची गरज नाही म्हणत आले, तरी चार-पाच हजारांचा एक माइक माझ्याकडं आहे, आणि तो गायकासाठी घेतलेला नाही. नेटवर तालाचे जे लूप मिळतात ते सगळ्या जगाकडं आहेत. संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणं यांचा आवाज आपल्याजवळ आहे, आणि तो चांगला टिपलेला फार कमी ठिकाणी मिळतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी असतात, तुळजापूरच्या वाटेवर आराधी असतात, पण यात्रेत टिपलेल्या आवाजात भोंगे आणि पाळण्याची मोटर येते. मी वेगळं करते. तूर निघाल्यावर, फेब्रुवारीत, भल्या पहाटे औशाकडच्या आमच्या शेतात जाते. मोकळ्या रानात भिंतच नसल्यामुळं आवाज परत येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणून विजेची घूं नाही. साउंड कार्ड लॅपटॉपवरच जगतं आणि माइकला लागणारे ४८ व्होल्टही तेच देतं. फक्त वाऱ्यासाठी माइकला फरचं टोपडं लागतं, आणि मोटारपंप सुरू व्हायच्या आत आटपावं लागतं.

संबळ वाजवणारे मामा आमच्या गावचे. संबळाचा एक डग्गा चढा, एक खर्जाचा. वाजवायच्या दोन काठ्यांतली एक टोकाला वळलेली. मी दोन्हींचे सुटे ठोके घेते, हलके, मध्यम, जोराचे, आणि मग मामांना मनासारखं वाजवू देते. हलगीवाले आधी काटक्या पेटवून चामडं शेकून घेतात. शेकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जो कडक आवाज येतो तो निघून गेला की पुन्हा शेकावं लागतं, म्हणून माइक आधी तयार ठेवते. हलगीचा ठोका मीटरला फसवतो. सूचक काटा हिरव्यात दिसतो आणि वरचं टोक कापलं गेलेलं असतं. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि आवाज उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. नंतर वाढवता येतो, कापलेलं टोक परत येत नाही.

हे सुटे ठोके ऑक्टोपॅडच्या आठ पॅडांवर लावले की खोलीत बसून संबळ वाजवता येतो, खाली सिंथचा खर्ज लावता येतो. अशा गाण्यावर यूट्यूबवर कुणाचा दावाही येत नाही. सिनेमाच्या गाण्याचं रिमिक्स केलं की आठवड्यात दावा येतो आणि पैसे भलतीकडं जातात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो, तेव्हा आईच्या तरुणपणीचं गाणंही मोकळं नसतं.

गाणं पुरं झालं की पोरं आवाज भिंतीला नेऊन टेकवतात. यूट्यूब साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) वरचं गाणं स्वतःच खाली ओढतं, म्हणजे चेपून मिळवलेला मोठेपणा तिथं जातो आणि चेपलेपण तेवढं उरतं. गाडीसाठी वेगळी फाइल काढा, बेसला मोकळी जागा ठेवून. गाडीवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर उरलेलं काम करतो. ती फाइल तपासायला त्याच्याकडं दुपारी जा. नियमाप्रमाणं वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, त्यामुळं तपासणी गावाबाहेर त्याच्या शेडमध्येच करावी, वस्तीत नको.

हिशोबाच्या वहीत एक रकाना पोरं सोडतात: वाजवणाऱ्याचे पैसे. हलगी आणि संबळ ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांना लोकांनी बिदागीपेक्षा टोमणेच जास्त दिले. त्यांचे ठोके एकदा लॅपटॉपमध्ये आले की त्यांना पुन्हा बोलवायची गरजच उरत नाही, म्हणून पैसे आधी ठरवावेत आणि कागदावर लिहावेत. मी मामांना पहाटेच्या कामाचे वेगळे देते आणि त्यांचे ठोके ज्या ज्या गाण्यात जातील त्याचे वेगळे, आणि खाली त्यांचं नाव लिहिते. यंदा त्यांनी दर वाढवलाय. एका भीमजयंतीच्या गाण्यात आपलाच संबळ ओळखल्यावर वाढवला, आणि तो वाजवी आहे.